जुनी पेन्शन जोडावी का? सल्ला मानण्याआधी

१८५४ साली जॉन लँग नावाचे एक वकील राणी लक्ष्मीबाईंना भेटायला झाशीत आले. संस्थान खालसा झालं होतं आणि कंपनी सरकारने राणींना महिना ५,००० रुपये पेन्शन देऊ केली होती. लँग यांनी सुचवलं, की लंडनला दाद मागावी आणि तोवर दत्तक मुलाचा हक्क राखून, निषेध नोंदवून पेन्शन घेत राहावी. कायद्याच्या नजरेतून सल्ला समंजस होता. राणींनी तो त्या वेळी मानला नाही. पुढे त्याच पेन्शनीतून गंगाधररावांचं कर्ज वळतं करायचं सरकारने ठरवलं, तेव्हा देऊ केलेला आकडा आणि हाती पडणारा आकडा यांतलं अंतर उघड झालं.

आज प्रश्न संस्थानाचा नाही, दोन-तीन नोकऱ्यांत विखुरलेल्या पीएफ-पेन्शनचा आहे. समजा, झाशीतल्या एका मराठी घरातला तंत्रज्ञ पुण्याजवळ चाकणला ६ वर्षं राबला आणि मग घरी परतून बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याने ५ वर्षं काढली. एक सल्लागार म्हणतो, खाती जोडा. दुसरा म्हणतो, जुनं काढून आमच्या योजनेत टाका. कुणाचं ऐकायचं हे ठरवण्याआधी काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज: पेन्शनसाठी एकाच कंपनीत १० वर्षं लागतात.

वस्तुस्थिती: कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तिच्यात मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, पण ती वेगवेगळ्या मालकांकडची असली तरी चालते. मात्र ती एकत्र नोंदलेली हवी आणि मधल्या काळात त्या सेवेची रक्कम काढलेली नको. हिशेब सोपा आहे: शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. या हिशेबात बहुतेकांचा पगार १५,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंतच धरला जातो. आपल्या तंत्रज्ञाची ११ वर्षं जुळली, तर वयाच्या ५८व्या वर्षापासून महिना सुमारे २,३५७ रुपये मिळतील. चाकणची ६ वर्षं काढून घेतली, तर उरतात ५. पुन्हा नोकरी करून १० भरली नाहीत, तर मासिक पेन्शन मिळणार नाही.

गैरसमज: थोडीशीच रक्कम आहे, काढून टाकलेली बरी.

वस्तुस्थिती: १० वर्षांच्या आतली सेवा फॉर्म १०सी भरून काढली, तर साधारणपणे दर वर्षामागे एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम हाती येते. १५,००० पगारावर ६ वर्षांचे ९० हजारांच्या आसपास. एकरकमी आकडा डोळ्यांत भरतो. पण पेन्शन सुरू असलेल्या सभासदाच्या मागे पत्नीला किंवा पतीलाही पेन्शन मिळते, आणि हे मोल त्या ९० हजारांत दिसत नाही. नोकरी सोडून काही काळ घरी बसायचं असेल, तर त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. त्यात झालेली सेवा जपली जाते आणि पुढच्या नोकरीत जोडता येते.

पण जोडणं प्रत्येकालाच लाभेल असं नाही. वय ५६, एकूण सेवा ७ वर्षं, म्हणजे ५८ पर्यंत १० भरणं शक्य नाही. अशा माणसाला रक्कम काढणंच सोयीचं. ती कधी काढता येईल हेही आधी पाहावं. नोकरी सुटल्यावर थांबण्याची मुदत २ महिन्यांवरून ३६ महिने करण्याचा निर्णय भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला आहे.

गैरसमज: खातं जोडलं आणि पेन्शनचे पैसे गायब झाले.

वस्तुस्थिती: पासबुक उघडलं की जोडलेल्या पीएफची रक्कम नव्या खात्यात दिसते, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य. अनेकांच्या काळजाचा ठोका इथेच चुकतो. पैसे बुडालेले नसतात. पेन्शनच्या बाबतीत रक्कम सरकत नाही, सेवेची वर्षं सरकतात, कारण पेन्शन जमा रकमेवर नव्हे, वर्षांवर ठरते. म्हणून शून्याकडे न बघता ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडावी. रुजू झाल्याची आणि नोकरी सोडल्याची तारीख दोन्ही नोकऱ्यांसमोर बरोबर आहे का, हे तिथे कळतं. नोकरी सोडल्याची तारीख कोरी राहिली, तर काम अडतं. यूएएन, म्हणजे सभासदाचा सार्वत्रिक खाते क्रमांक, एक असला म्हणजे सगळं आपोआप जुळलं, असंही धरून चालू नये. प्रत्येक मालकाकडचा सभासद क्रमांक वेगळा असतो.

गैरसमज: तीन वर्षं पैसे न भरलेल्या खात्यावर व्याज थांबतं, म्हणून घाई करा.

वस्तुस्थिती: नोकरी सुटली तरी पीएफच्या शिलकेवर साधारण ५८ वर्षांच्या वयापर्यंत व्याज मिळत राहतं. २०२४-२५ साठी हा दर ८.२५ टक्के होता. ही भीती घालून कुणी आजच सही मागत असेल, तर सही करू नये. सलग ५ वर्षांच्या आत पीएफ काढला, तर कर लागू शकतो. जोडला तर लागत नाही, शिवाय जुनी वर्षंही त्या ५ वर्षांत मोजली जातात.

गैरसमज: रेल्वेची पेन्शन आणि कारखान्याची पेन्शन एकत्र होते.

वस्तुस्थिती: झाशी रेल्वेचं गाव, म्हणून हा प्रश्न इथे घरोघरी निघतो. १ जानेवारी २००४ पूर्वी रेल्वेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. नंतरच्यांसाठी एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा (एकीकृत पेन्शन योजनेचा) पर्याय. खाजगी कारखान्यातली वर्षं त्यांत मिळवली जात नाहीत.

गैरसमज: सल्लागार म्हणजे तटस्थ माणूस.

वस्तुस्थिती: सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि तो सल्ल्यासाठी ग्राहकाकडून फी घेतो. विमा एजंटाला कंपनी कमिशन देते. पीएफ काढून पेन्शन पॉलिसी घ्या, असं एजंट सांगतो तेव्हा तो खोटंच बोलतो असं नाही, पण त्या सहीत त्याचीही कमाई असते. तेव्हा त्याला लेखी विचारावं: तुम्हाला यातून किती मिळतं, माझी किती वर्षं बुडतात, माझ्या मागे घरच्यांना काय मिळेल आणि निर्णय चुकला तर परत फिरता येईल का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फॉर्म १०सी भरण्याआधी मिळायला हवं. काढलेल्या रकमेची सेवा पुन्हा मोजली जात नाही. भविष्य निर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर घेते. सर्व्हिस हिस्टरीची प्रत आणि सल्लागाराने लिहून दिलेला हिशेब घेऊन तिथे जा, दोन्ही कागद अधिकाऱ्यापुढे ठेवा, आणि त्यानंतरच सही करा.