घराचा बाहेरचा पेहराव

मैत्रिणींनो, ‘घर पाहावं बांधून’ असं म्हणतात ते उगीच नाही! ओटा किती उंच हवा, देवघर कुठं, फडताळं किती, यावर आपण महिनोन् महिने खल करतो. बाहेरच्या भिंतींची पाळी येते तेव्हा मात्र पैसा आणि दम दोन्ही संपलेले असतात. मग ‘लावा काय लावायचं ते’ म्हणून आपण मोकळ्या होतो.

माझंही असंच झालं. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही रत्नागिरीजवळ घर बांधलं. सासूबाई सांगत होत्या, “अगं, पश्चिमेच्या भिंतीला वळचण हवी. पाऊस तिकडूनच झोडपतो.” पण आम्हाला हवा होता शहरी बंगल्यासारखा सपाट दर्शनी भाग, वर गडद विटकरी रंग! दुसऱ्याच पावसाळ्यात ती भिंत शेवाळानं काळवंडली आणि सासूबाईंच्या खोलीत ओल उतरली. त्या काही बोलल्या नाहीत. खाट तेवढी स्वतःच भिंतीपासून सरकवून घेतली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून चार गोष्टी सांगते.

आधी पाऊस, मग रूप
कोकणात पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंतींना छप्पर भरपूर पुढं काढा. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेशी बोटभर रुंदीची खाच ठेवायला गवंड्याला सांगा. पाणी तिथंच ठिबकतं, भिंतीकडं वळत नाही. काम क्षुल्लक, पण आठवण केल्याशिवाय होत नाही बरं का!

दगड, वीट की गिलावा?
जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. दिसतोही सुरेख! पण तो सच्छिद्र, पाणी पितो. उघडा ठेवायचा तर दर्जा नीट भरून घ्या. घाटावरचा काळा पाषाण पाणी फारसं शोषत नाही, मात्र घडाईची मजुरी भारी पडते. विटांवर बाहेरून दोन थरांत गिलावा करून घ्या आणि निदान सात दिवस पाणी मारा. छपराला मंगलोरी कौलं अजूनही झकास. मंगळूरला १८६५ साली बाझल मिशननं त्यांचा कारखाना काढला, तेव्हापासून ती आपल्या पावसाशी झुंजताहेत.

रंगाची घाई नको
ओल्या गिलाव्यावर इमल्शन लावलं की फुगे येतात, पोपडे निघतात. भिंतीला महिनाभर तरी सुकू द्या, मग प्रायमर, मग रंग. सिमेंट पेंटचं नेमकं उलट! त्याच्यासाठी भिंत आधी ओलसर करायची आणि नंतरही पाणी मारायचं. आमच्या रंगाऱ्यानं हा फरक पाळला नाही. आणि ‘असू दे’ म्हणणारी मीच.

कोणता रंग?
नागपूर-जळगावकडच्या उन्हात फिकट रंगच बरे. ऊन परतवतात, घर कमी तापतं. गडद रंग ऊन शोषतो आणि विटला की लगेच डोळ्यांत भरतो. अगदी पांढराशुभ्र मात्र तांबड्या मातीच्या गावी नको. पहिल्याच पावसात खालची हातभर भिंत शिंतोड्यांनी माखते. तिथं जोत्याला मातकट रंग किंवा दगडच ठेवा. छोट्या पत्रिकेवरचा रंग भिंतीवर वेगळाच वाटतो. तेव्हा हातभर पट्टा लावून सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहा आणि मगच ‘हो’ म्हणा.

आम्ही अखेर पश्चिमेला कौलारू पडवी काढली, गिलावा खरवडून पुन्हा केला. वळचणीला लागला असता त्याच्या कितीतरी पट खर्च आला. रंगही आता फिकट पिवळा. यंदा मृगाचा पाऊस झाला, तशी सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि खाट पुन्हा जागेवर लावायला सांगितली.

तुम्ही मात्र वडीलधाऱ्यांना आधीच विचारा हं!