थकलेल्या आवाजाचे सामर्थ्य

गाणाऱ्याची थोरवी सांगताना आपण बहुधा त्याच्या गळ्यापासून आरंभ करतो. आवाज गोड आहे, तिन्ही सप्तकांत सहज फिरतो, दमसास मोठा आहे, असे आपण म्हणतो. परंतु ज्या आवाजात यांपैकी फारसे काही उरलेले नाही, तोच आपल्याला हलवून सोडतो, याचा उलगडा कसा करावयाचा? हा प्रश्न आपण एका ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने तपासून पाहू. गायिका अमेरिकेतील बिली हॉलिडे; मुद्रिका १९५८ सालची, ‘लेडी इन सॅटिन’.

बिलीचा जन्म १९१५ सालचा, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातला. बालपण बाल्टिमोर शहरात गेले. १९३३ साली तिचे गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झाले. त्या काळचा तिचा आवाज हलका, ताजा आणि थोडा खट्याळ आहे. पल्ला मात्र तेव्हाही बेताचाच, सप्तकाहून थोडा अधिक. पुढे दारू आणि अमली पदार्थ यांनी तिला ग्रासले. १९४७ साली तिला तुरुंगवास घडला. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये जेथे मद्य विकले जाते अशा ठिकाणी गाण्याचा परवाना तिला मिळेना. म्हणजे जाझ गायिकेची नित्याची जागाच बंद झाली. १९५८ च्या फेब्रुवारीत ती या मुद्रिकेसाठी गायली तेव्हा तिचे वय अवघे ४२ होते, पण आवाज पार थकलेला होता.

साथीला रे एलिस यांचा तंतुवाद्यांचा मोठा मेळ होता. मागे रेशमासारखे व्हायोलिनचे सूर आणि पुढे हा खरखरीत, श्वास अपुरा पडणारा गळा. खुद्द एलिस प्रथम नाराज झाले. पुढे पूर्ण झालेले काम ऐकल्यावर त्यांना आपली चूक उमगली: ते सूर तपासत बसले होते, भाव ऐकत नव्हते.

हा भाव येतो कोठून? पहिली गोष्ट लय. बिली तालाच्या ठोक्यावर शब्द टाकीत नाही. किंचित मागे राहते. जणू बोलावे की न बोलावे, असा क्षणभर विचार करून ती बोलते. दुसरी गोष्ट शब्द. सूर लांबवण्याइतका श्वास नाही, म्हणून ओळ मोडते. पण ती अर्थाच्या सांध्यावर मोडते. प्रेमभंगाचे साधे लोकप्रिय गीत मग कबुलीजबाबासारखे ऐकू येते. तिसरी गोष्ट मायक्रोफोन. त्याच्यामुळे मोठ्याने गाण्याची गरज उरत नाही. पुटपुटणे आणि ओळीच्या शेवटी विरणारा सूरही आपल्या कानाशी येऊन पोहोचतो.

यावर कोणी म्हणेल, ही तर निव्वळ कीव! तिची कहाणी ठाऊक असल्यामुळे आपण हळवे होतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण व्यसनाने आवाज गमावलेली माणसे पुष्कळ असतात. त्यांचे गाणे आपण ऐकत बसत नाही. शिवाय तिच्या १९३० नंतरच्या दशकातील मुद्रिका ऐका. लयीच्या मागे राहण्याची ती जाण, शब्द तोलण्याची ती रीत तेथेही आहे. दुःखाने तिला कला शिकविली नाही. गळ्याचा टवटवीतपणा गेला, त्यामुळे मुळात असलेली कला उघडी पडली, इतकेच.

म्हणून दुःखातूनच कला जन्मते, असे सोपे सूत्र येथे कोणी लावू नये. त्या दुःखाने तिचे वरचे सूर नेले, दम नेला आणि १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, तिला स्वतःलाच नेले. ती जगती तर आपल्याला आणखी किती ऐकावयास मिळाले असते!

ही मुद्रिका दोनदा ऐकावी. पहिल्या वेळी खरखर ऐकू येईल. दुसऱ्या वेळी गाणे.