पोकरचा जुना डाव : फाइव्ह-कार्ड ड्रॉ

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स शहर आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटी यांच्या परिसरात रुजला. प्रारंभी तो २० पत्त्यांनिशी खेळला जाई. पुढे ५२ पत्त्यांचा संपूर्ण कॅट वापरात आला आणि नको असलेली पाने बदलून घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा ‘फाइव्ह-कार्ड ड्रॉ’ हा प्रकार आकाराला आला. आज ‘टेक्सस होल्डेम’ अधिक लोकप्रिय असला, तरी पोकरची मूलतत्त्वे समजून घेण्यासाठी हा जुना डावच उत्तम आहे.

डावाच्या आरंभी प्रत्येक भिडू ठरलेली लहान रक्कम मध्यभागी ठेवतो. तिला ‘अँटी’ म्हणतात आणि तीन पत्तीतील ‘बूट’ तो हाच. पत्ते पिसून प्रत्येकाला पाच पाने उपडी वाटली, की वाटणाऱ्याच्या डावीकडून पहिली फेरी सुरू होते. तीत आधीच्या भिडूइतकी रक्कम लावणे म्हणजे ‘कॉल’, ती वाढवणे म्हणजे ‘रेझ’ आणि पाने टाकून डावातून बाहेर पडणे म्हणजे ‘फोल्ड’. त्यानंतर उरलेले भिडू नको असलेली पाने, सामान्यतः तीनपर्यंत, टाकून तितकीच नवी घेतात. दुसरी फेरी होते आणि अखेर पाने उघडून ज्याचा हात वरचढ, त्याला मध्यभागी साचलेली सर्व रक्कम मिळते.

या खेळात हुकूम नसतो आणि चारही रंग समान असतात. चढत्या क्रमाने सुटी पाने, जोडी, दोन जोड्या, एकाच किमतीची तीन पाने, सलग पाच पानांचा ‘स्ट्रेट’, एकाच रंगाच्या पाच पानांचा ‘फ्लश’, तीन सारखी पाने व एक जोडी यांचे ‘फुल हाउस’, एकाच किमतीची चारही पाने आणि शेवटी एकाच रंगाची सलग पाच पाने, म्हणजे ‘स्ट्रेट फ्लश’, अशी हातांची प्रतवारी आहे. तीन पत्ती खेळणाऱ्यांना येथे एक फरक जाणवेल : तेथे सिक्वेन्स कलरवर मात करतो, तर येथे फ्लश स्ट्रेटवर मात करतो. याचे कारण गणितात आहे. तीन पानांत सिक्वेन्स ७२० प्रकारे आणि कलर १,०९६ प्रकारे जुळतो. पाच पानांच्या २५,९८,९६० संभाव्य हातांत मात्र स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश केवळ ५,१०८ आहेत. जे दुर्मीळ, ते श्रेष्ठ, हेच या प्रतवारीमागील तत्त्व होय.

खेळाचे खरे मर्म पाने बदलण्याच्या क्षणी प्रकट होते. हातात चार इस्पिक आणि एक बदाम असलेल्या भिडूने बदाम टाकला, तर न पाहिलेल्या ४७ पानांत इस्पिकची नऊ असल्याने त्याचा फ्लश साधण्याची शक्यता सुमारे १९ टक्के असते. प्रतिस्पर्ध्यांना त्याने एकच पान घेतले एवढेच दिसते आणि त्यावरून ते दोन जोड्यांचा किंवा अपुऱ्या फ्लशचा तर्क करतात. तीन पाने बदलणाऱ्याकडे बहुधा जोडी असते. एकही पान न बदलणाऱ्याकडे तयार हात असतो किंवा तो ‘ब्लफ’ करत असतो, म्हणजे कमकुवत पानांवर मोठी रक्कम लावून इतरांना माघार घ्यायला लावत असतो.

संयम, निरीक्षण आणि शक्यतांचा हिशेब या तिन्ही गुणांचा असा कस लागत असल्याने हा डाव शिकण्याजोगा आहे. मात्र महाराष्ट्रात जुगारअड्डा चालवणे आणि तेथे खेळणे हा १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे नवशिक्यांनी पैशांऐवजी चिंचोके लावूनच या खेळाचा आनंद घ्यावा.