मध्यंतर हरवल्यानंतर

चित्रपटाच्या पटकथेला आपल्याकडे अनेक दशके एक अलिखित कायदा लागू होता, आणि तो एखाद्या कलामीमांसकाने नव्हे, तर चित्रपटगृहातील उपाहारगृहाच्या मक्तेदाराने घालून दिला होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. चहा-वड्याची विक्री व्हावी एवढ्यासाठी कथा निम्म्यावर तहकूब करावी लागे. म्हणून ठरलेले लग्न मोडणे किंवा मृत समजलेला भाऊ दारात उभा राहणे नेमके त्या घटकेला योजावे लागे, आणि दिवे लागले की प्रेक्षक ती उत्कंठा पोटात घेऊनच वड्याच्या रांगेत उभा राही. या सोयीतून उपजलेली दोन अंकी रचना दिग्दर्शकांच्या हाडीमाशी इतकी खिळली की, कथेची मूळ प्रकृतीच तशी असते असा सर्वांचा समज होऊन बसला.

२०१६ साली या कायद्याच्या अंमलास उतरती कळा लागली. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबरात जिओने काही महिन्यांपुरते इंटरनेट फुकट वाटले, डिसेंबरात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ दाखल झाले. आणि तिकीट काढून अंधारात बसलेला, अर्ध्यातून उठून जायला संकोचणारा प्रेक्षक पाहता पाहता नाहीसा होऊन, अंगठ्याच्या एका दाबाने कथेला रजा देणारा मुखत्यार त्याच्या जागी येऊन बसला. पडदा लहान झाला, याची त्या काळी पुष्कळ हळहळ झाली. वस्तुतः पडद्याचा आकार ही गौण बाब होती, फेरफार झाला होता तो मालकी हक्कात.

या नव्या दरबारी प्रथम रुजू झाली ती विनोदाची मंडळी. 'भाडिपा'ने अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या लटक्या मुलाखती यूट्यूबवर आणल्या, आणि वितरकाच्या दारी न जाता मराठी प्रेक्षक गाठता येतो, हे दाखवून दिले. २०१९ साली वरुण नार्वेकर यांनी 'आणि काय हवं'मध्ये एका नवविवाहित जोडप्याच्या संसारातले एकेक लहानसे प्रसंग घेतले. त्यांत खलनायक नाही, आणि मध्यंतराला दिवे लावावेत अशी घटनाही नाही. चित्रपटगृहासाठी अशा विषयाला कोणी भांडवल पुरवले असते, असे मला वाटत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला 'सेक्रेड गेम्स'. विक्रम चंद्रा यांची जाडजूड कादंबरी २००६ सालची. तिला दोन-अडीच तासांत कोंबणे म्हणजे हत्तीला पेटाऱ्यात बसवण्यासारखे होते. २०१८ साली विक्रमादित्य मोटवाने आणि अनुराग कश्यप यांनी तिचे आठ भाग केले, त्यांना अश्वत्थाम्यापासून ययातीपर्यंत पौराणिक नावे दिली, आणि पहिल्याच भागात गणेश गायतोंडेला मारून टाकून पुढची कहाणी त्या मृताच्याच तोंडून वदवली. ज्या मरणावर चित्रपट संपला असता, तेथे ही मालिका सुरू होते. तथापि, हे सारे सर्वस्वी नवे होते असे मानण्याचे कारण नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये प्रकरणाप्रकरणाने येतच होती. 'क्रमशः' हा शब्द आपल्या वाचकाला परका नव्हता, चित्रपटाला मात्र त्याचा विसर पडला होता. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून २०२० साली सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'समांतर'मध्ये आपले प्राक्तन आधीच जगून झालेल्या चक्रपाणीच्या शोधात नायक निघतो, आणि पुढच्या पर्वात त्या माणसाची डायरी रोज एकच पान या अटीने वाचतो. क्रमशः वाचनाची सक्ती तेथे कथानकातच येऊन बसली आहे.

त्याच वर्षी टाळेबंदीने चित्रपटगृहांना कुलपे लागली. जूनमध्ये 'गुलाबो सिताबो' थेट घरात उतरला. पुढच्या मार्चमध्ये दशावताराच्या पार्श्वभूमीवरचा 'पिकासो' आला. ही निकडीची सोय होती, तिचा गौरव करण्याचे कारण नाही.

परंतु २०२१ च्या वसंतात जे घडले, त्यापाशी थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. दिग्दर्शिका सुमित्रा भावे १९ एप्रिल रोजी पुण्यात निवर्तल्या. अकराच दिवसांनी चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसाइपल' नेटफ्लिक्सवर आला. त्यात शास्त्रीय गायनाच्या साधनेत झिजत जाणारा शरद नेरूळकर ज्या माईंच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांवर जीव टाकतो, त्या माई पडद्यावर कधी दिसत नाहीत, आणि त्यांचा तो संथ, निर्लेप, काहीसा कठोर आवाज भावे यांचा आहे. २१ मे रोजी त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला, दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा 'दिठी' सोनी लिव्हवर आला. पुत्रशोकाने विठ्ठलावर रुसलेला रामजी लोहार आणि अडलेली गाय, एवढेच त्याचे कथानक. या दोन्ही कृतींनी नव्या माध्यमाशी तडजोड म्हणून कसलीच केली नाही. पहिल्या मिनिटालाच प्रेक्षकाला खिळवून ठेवा, हे तोवर शास्त्रवचन होऊन बसले होते. ताम्हाणे यांचा कॅमेरा मात्र मैफलीसमोर दूर बसून राहतो, आणि रात्रीच्या रस्त्यावर शरदची दुचाकी, कानात माईंचा आवाज, इतक्या मंद गतीने जाते की काळच जड झाला आहे असा भास व्हावा. वेळ काढून घरी ऐकत बसलेल्या एकट्या माणसाला तो आवाज जितका निकट लागतो, तितका भरल्या सभागृहात लागला असता की नाही, याची मला शंका आहे.

त्या वर्षाअखेरीस कर्जत लोकलमध्ये शेजारचा एक तरुण फोनवर हाच चित्रपट पाहत होता. दुचाकीचे दृश्य आले. त्याने दहा सेकंद पुढे नेणारे बटण दाबले, पुन्हा दाबले, मग आणखी दोनदा. दुचाकी रस्त्यावरच होती, आणि माई बोलतच होत्या. त्याने एकदा माझ्याकडे ओशाळून पाहिले, कानातली बोंडे नीट बसवली, आणि फोन गुडघ्यावर टेकवला.