दगडातले चेहरे, पुसलेली नावे

रोममधले कॅपिटोलाइन संग्रहालय १७३४ साली सर्वसामान्यांसाठी उघडले. तिथल्या ‘सम्राटांच्या दालना’त भिंतीलगतच्या फळ्यांवर, दोन ओळींत, ६७ अर्धपुतळे मांडलेले आहेत. सगळे एका दमात पाहायला जाल, तर लग्नातल्या अनोळखी सोयऱ्यांसारखे सारखेच दिसू लागतील. त्यापेक्षा आधी फक्त डोळे पाहावेत. ऑगस्टसच्या काळातले डोळे कोरे, गुळगुळीत. तेव्हा बुबुळे रंगाने काढीत, आणि तो रंग केव्हाच उडून गेला. दुसऱ्या शतकात, हेड्रिअनच्या कारकिर्दीपासून, बुबुळ छिन्नीने कोरू लागले आणि पुतळ्यांना नजर आली. सम्राटांच्या गालांवर दाढीही त्यानेच आणली.

कॅराकॅलासमोर मात्र पाऊल आपोआप थबकते. मान झटक्यात वळवलेली, कपाळावर आठ्या. पाहणाऱ्याने वचकावे, हीच इच्छा! २११ साली त्याने धाकटा भाऊ गेटा याचा खून करविला. तेवढ्याने भागले नाही. त्याच्या प्रतिमा फोडल्या गेल्या, नाव खोडले गेले. टेकडीच्या पायथ्याशीच त्यांच्या वडिलांची, सेप्टिमिअस सेव्हेरसची, कमान उभी आहे. तिच्यावरच्या लेखातले गेटाचे नाव काढून तिथे भलताच मजकूर बसवला आहे. जुन्या अक्षरांची भोके अजून दिसतात.

याच दालनात एक तरुण स्त्री आहे. कपाळावर कुरळ्या केसांचा उंच मनोरा, प्रत्येक वळशात गिरमिटाने पाडलेले खोल छिद्र. (सकाळच्या घाईत एवढी वेणीफणी कोण करीत असेल? घरात दासी होत्या, हेच उत्तर.) तिला ‘फोन्सेका’ म्हणतात, पण ते नाव तिचे नव्हे. चेहरा जसाच्या तसा राहिला, ती कोण हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती मागच्या भिंतीवर कोरल्या होत्या. भारतातल्या अगदी जुन्या व्यक्तिशिल्पांत त्यांची गणना व्हायची. वर ब्राह्मी लिपीतली नावे आजही वाचता येतात: सिमुक, सातकर्णी, त्याची राणी नागनिका. मूर्ती नाहीत. नागनिकेचे केस कसे होते, नाक कसे होते, काही कळायला मार्ग नाही. नावांखाली कुठेकुठे पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. पावसाळ्यात हजारो तरुण घाट चढून तिथे जातात. त्यांनी दरीकडे पाठ करून त्या भिंतीच्या तळाशीही जरा वाकून पाहावे.