डॉ. कोटणीस : ‘अमर कहाणी’मागचा रोजचा दिवस

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून आजवर हजारो डॉक्टर बाहेर पडले. त्यांपैकी एकाचे नाव चीनमधील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे ते नाव. सोलापूरचा हा तरुण १९३८ मध्ये स्वयंसेवक म्हणून चीनला गेला तो परतलाच नाही. मराठी माणसाला हे कथानक ठाऊक आहे ते मुख्यतः व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या १९४६ च्या चित्रपटामुळे. मात्र चित्रपटाला कथानकाच्या सोयीने प्रसंग निवडावे लागतात. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या माणसांत चार वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या स्वयंसेवकाचा रोजचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे त्यात मावत नाही. कोटणीसांचे खरे मोठेपण मात्र याच रोजच्या दिवसांत दडलेले आहे.

परळची शिदोरी

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि परळच्या महाविद्यालयात दाखल झाले. या संस्थेचा इतिहास ध्यानात घेतला तर पुढच्या घटनांची संगती लागते. महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी एक अट घातली होती : अध्यापक भारतीयच असावेत. वैद्यकीय क्षेत्रातील वरिष्ठ जागा ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी राखीव असण्याचा तो काळ होता. परळमध्ये भारतीय डॉक्टर भारतीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. संस्थेचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे महात्मा गांधींच्या निकटच्या वर्तुळातले. पुढे १९६० मध्ये ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. भोवती गिरणगाव, दाराशी कामगारांची रीघ आणि हवेत स्वातंत्र्यलढा, अशा वातावरणात कोटणीस डॉक्टर झाले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चौफेर आक्रमण केले. जखमींची संख्या अफाट आणि प्रशिक्षित डॉक्टर मोजके, अशी चीनची अवस्था होती. एट्थ रूट आर्मी या कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि मुंबईहून डॉ. कोटणीस. पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत असलेल्या कोटणीसांचे वय तेव्हा २७ वर्षांचे होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथकाने मुंबईचा किनारा सोडला. मुदत होती साधारण एका वर्षाची.

नाव, भाषा आणि एक तार

त्याच महिन्यात पथक कॅन्टन बंदरात उतरले. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढच्याच महिन्यात हे शहर जपान्यांच्या हाती पडले, यावरून पथक कोणत्या परिस्थितीत शिरत होते याची कल्पना यावी. मजल दरमजल करीत पथक चुंगकिंगला पोचले. तेथे पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे ‘चीन’ हे अक्षर जोडण्यात आले. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

नाव बदलणे हा केवळ शिष्टाचार नव्हता. जखमी शेतकऱ्याला वा सैनिकाला ‘कोटणीस’ उच्चारता येणे कठीण आणि डॉक्टरला हाक मारता आली नाही तर त्याच्याशी बोलणे कसे होणार? स्वयंसेवकाच्या कामातील पहिली पायरी हीच असते. ज्यांच्यात राहायचे त्यांच्या जिभेला आपण सोपे व्हायचे!

याच मुक्कामात वडिलांच्या निधनाची बातमी कोटणीसांना कळली. घरी आई, भावंडे. परत जाण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला आणि तसे केले असते तर कोणी बोल लावला नसता. कोटणीस थांबले. येथपर्यंत येऊन प्रत्यक्ष काम अजून सुरूही झाले नव्हते, ही त्यांची अडचण होती.

येनानच्या गुहांत

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक वायव्य चीनमधील येनानला पोचले. हा कम्युनिस्टांचा तळ. पिवळ्या मातीच्या डोंगरउतारात कोरलेल्या गुहा हीच तेथील घरे, कार्यालये आणि रुग्णालयाचे वॉर्डही. अशा गुहा हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार राहतात. शिवाय विमानांच्या बाँबपासून त्यांत थोडे संरक्षण मिळते. मुंबईत शिकलेल्या डॉक्टरला दगड-विटांच्या इमारतीची सवय. येथे शस्त्रक्रियेची खोलीही मातीचीच.

जेवणात प्रामुख्याने राळे. सोलापूर-कोल्हापूरकडे राळे ओळखीचे असले तरी रोज, दोन्ही वेळा आणि महिनोन्महिने तेच खाणे वेगळे. अंगावर सैनिकांसारखाच कापसाचा जाड गणवेश. उत्तर चीनची थंडी मात्र मुंबईकराच्या कल्पनेपलीकडची. अशा ठिकाणी स्वयंसेवकाची पहिली परीक्षा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही. ती ताटावर, अंथरुणावर आणि आजारपणात होते. तिचा निकालही लागला. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले, प्रकृती बिघडल्याने १९४० मध्ये अटल यांनाही निघावे लागले. पाचांपैकी उरले दोघे : कोटणीस आणि बसू. परतलेल्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. चोळकर तर पन्नाशी ओलांडलेले होते. ठरलेली मुदत पुरी करून परतणे हाच करार होता. थांबणे हा करारापलीकडचा निर्णय होता.

युद्धरेषेलगतचा दवाखाना

१९४० मध्ये हे दोघे आणखी पूर्वेला, जपानी फळीच्या मागे असलेल्या गनिमी प्रदेशात गेले. शान्सी, चाहार आणि होपेई या प्रांतांच्या सीमेवरचा हा डोंगराळ मुलूख. कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी येथे काम उभे केले होते. जखमीला दूरच्या रुग्णालयात नेईपर्यंत तो दगावतो. तेव्हा रुग्णालयानेच जखमीकडे गेले पाहिजे, हे बेथ्यून यांचे सूत्र. शस्त्रक्रियेची हत्यारे, मलमपट्टीचे सामान आणि औषधे खेचराच्या पाठीवर लादता येतील अशा पेट्यांत भरून त्यांचे पथक गावोगाव फिरत असे. हातमोज्यांविना शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून यांचा मृत्यू झाला. त्यांची जागा रिकामी होती.

पुढे बसू येनानला परतले आणि कोटणीस या मुलखात एकटेच भारतीय राहिले. १९४० च्या उत्तरार्धात एट्थ रूट आर्मीने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली आणि जखमींचा लोंढा सुरू झाला. एका प्रसंगी त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. ही कामगिरी चरित्रांत ठळकपणे येते. मात्र ७२ तासांचे दिवस वर्षात थोडे असतात. उरलेल्या दिवसांचे काम वेगळेच होते. रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरे. वॉर्ड म्हणजे त्यांची ओसरी आणि चुलीच्या उबेची मातीची खाट. औषधांचा तुटवडा कायमचा. शत्रूची धाड येणार अशी खबर मिळाली की रुग्णांना स्ट्रेचरवर घालून डोंगरात हलवायचे, धाड ओसरली की परत आणायचे. ही ने-आण गावकऱ्यांच्या खांद्यावर चाले. ज्या गावाचा डॉक्टरवर विश्वास नाही ते गाव आपले घर आणि आपला खांदा देत नाही, हे येथे उघड होते.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली.

वर्ग, वही आणि पाठ्यपुस्तक

कोटणीसांच्या कामाचा सर्वांत कमी गाजलेला आणि कदाचित सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे अध्यापन. होपेई प्रांतातील गेगोंग गावी बेथ्यून यांच्या नावाची वैद्यकीय शाळा चालत असे. खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुणांना थोड्या काळात लष्करी वैद्यक शिकवायचे होते. दुभाष्याच्या आधारे शिकवले तर वेळ दुप्पट लागतो आणि अर्थ निम्माच पोचतो. कोटणीसांनी चिनी भाषा बोलण्याइतकी, मग वाचण्याइतकी आणि अखेर तीत व्याख्यान देण्याइतकी आत्मसात केली. शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक तयार केले. पुढचा भाग लिहीत असतानाच मृत्यूने त्यांना गाठले आणि तो अपुरा राहिला.

परदेशात जाणाऱ्या कोणत्याही स्वयंसेवकापुढे एक प्रश्न असतो : आपण गेल्यावर काय? शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर रुग्ण वाचवतो; शिकवणारा डॉक्टर आपल्या माघारी रुग्ण वाचवण्याची सोय करून ठेवतो. ज्या महाविद्यालयात ‘आपल्या माणसांनी आपल्या माणसांना शिकवावे’ हा आग्रह होता, तेथल्या विद्यार्थ्याने चीनमध्ये हेच केले, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले.

अखेरचे दिवस

या साऱ्या काळात अपस्माराचा विकार त्यांना जडला होता. झटके येत. चांगल्या रुग्णालयात उपचार, विश्रांती आणि नियमित औषध हा त्यावरचा उपाय. त्या मुलखात तिन्ही दुर्मीळ. झटका ओसरला की पुन्हा काम, हा क्रम चालू राहिला. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. मूल साडेतीन महिन्यांचे. सैन्याने आपला आधार आणि राष्ट्राने आपला मित्र गमावला, अशा आशयाचा शोकसंदेश माओ त्से-तुंग यांनी लिहिला.

चित्रपटात त्यांच्या आजाराचा संबंध प्लेगच्या साथीशी जोडला आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर बेतलेली ही कथा परळच्याच राजकमल कलामंदिरची निर्मिती. साथ, शोध आणि आत्मबलिदान ही पडद्याची गरज होती. प्रत्यक्षात कोटणीसांना हिरावले ते कोणत्याही नाट्यमय क्षणाने नव्हे. ते आजार, अपुरे उपचार आणि न थांबलेले काम यांनी. हे सत्य कमी नाट्यमय असले तरी अधिक अस्वस्थ करणारे आहे. सेवा करणाऱ्याची सेवा कोणी करायची, हा प्रश्न ते उभा करते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी स्वयंसेवेला संस्थांची चौकट मिळाली. अमेरिकेची ‘पीस कोअर’ १९६१ मध्ये स्थापन झाली; तिच्या पहिल्या तुकड्यांपैकी एक कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया बेटावर गेली. तेथील भाषा शिकणे, स्थानिक लोकांसारखे राहणे, दोन वर्षांची मुदत, हे तिचे नियम झाले. आजारी पडल्यास उपचारांची हमीही आली. त्याच समुद्रातील हैतीमध्ये क्यूबाचे डॉक्टर १९९८ च्या वादळानंतर गेले आणि राहिले. २०१० च्या भूकंपाच्या वेळी ते तेथे आधीपासूनच होते, भाषा जाणत होते, म्हणूनच त्यांना लगेच कामाला लागता आले. गेगोंगचा धडा निराळ्या मुलखात पुन्हा खरा ठरला.

मागे काय उरले?

कोटणीसांची समाधी शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथ्यून यांच्याच सोबतीने आहे. त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळाही त्या शहरात उभी राहिली. भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले; सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचे स्मारक झाले. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. कुओ चिंग-लान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि पतीच्या मायदेशी त्या अनेकदा येऊन गेल्या. १९६२ च्या युद्धाने दोन देशांमधील मैत्रीला तडा गेला, तरी चिनी नेत्यांनी भारतभेटीत कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याची प्रथा राखली. २०१३ मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग यांनी मुंबईत ती पाळली.

राजनैतिक समारंभांत कोटणीसांचे नाव येते ते दोन देशांमधील पुलासारखे. परळच्या ज्या महाविद्यालयात आजही दरवर्षी तरुण-तरुणी डॉक्टर होण्यासाठी दाखल होतात, तेथे या नावाचा अर्थ अधिक साधा आणि अधिक कठीण असायला हवा. रुग्णाची भाषा शिकणे, त्याच्या घरातले अन्न खाणे, आपल्याला येते ते दुसऱ्याला शिकवणे आणि ठरलेली मुदत संपली तरी काम संपले नाही हे ओळखणे. यांतील एकाही गोष्टीसाठी चीनला जावे लागत नाही. मेळघाटातही ती करता येते आणि गडचिरोलीतही!