तुरट चवीचं गाव

मूठभर जांभळं खाल्ली की जीभ जड होते, टाळ्याला चिकटते. मराठीत या अनुभवाला 'तुरट' हा नेमका शब्द आहे. आयुर्वेदानं तर 'कषाय' म्हणून त्याला सहा रसांत बसवलं. युरोपात मात्र तुरटपणाची गणना मूळ चवींमध्ये होत नाही. तिथं ती तोंडाला होणारी स्पर्शाची जाणीव मानली जाते. तरीही तुरटपणासाठीच ओळखली जाणारी एक लाल वाइन फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पिरेनीजच्या पायथ्याशी होते. तिचं नाव मादिराँ. गावाचंही नाव तेच.

ही वाइन मुख्यतः तानात या द्राक्षाची. जाड सालीचं, गडद रंगाचं हे द्राक्ष टॅनिननं इतकं भरलेलं असतं की त्याचं नावही 'टॅनिन'च्याच कुळातलं आहे. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिन या प्रथिनांना पकडून त्यांच्या गाठी करतं, मग वंगण संपतं आणि गाल आतून कोरडे पडतात. ताजी मादिराँ नुसती प्यायली तर नेमकं हेच होतं. पण सोबत चरबी आणि मांस असेल, तर टॅनिनला लाळेखेरीज दुसरं काही धरायला मिळतं, आणि वाइन एकदम मऊ वाटू लागते.

मादिराँ ज्या प्रदेशात येतं, त्या गॅस्कनीच्या स्वयंपाकघरात चरबीला तोटा नाही. बदकाच्या तंगड्या मीठ चोळून मुरवायच्या, त्याच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवायच्या आणि चरबीतच बुडवून ठेवायच्या, याला म्हणतात कॉन्फी. लोणच्यावर तेलाचा थर ठेवण्यामागे जे शहाणपण आहे, तेच इथंही: हवा आत जाऊ द्यायची नाही. बदकाच्या छातीचं मांस, म्हणजे माग्रे, पूर्वी तंगड्यांसारखंच चरबीत शिजवून मुरवत. ओश गावचे आचारी आंद्रे दागँ यांनी ते स्टेकसारखं भाजून आतून लालसर वाढायला सुरुवात केली, आणि एका पिढीच्या आत ते फ्रान्सभर पोहोचलं. मादिराँबरोबर ते उत्तम जुळतं, यात शंका नाही. मात्र हे बदक नळीनं कोंबून खाऊ घालून पुष्ट केलेलं असतं, आणि ते विसरून त्या ताटाचं कौतुक करणं मला जमत नाही. त्याच पद्धतीनं फुगवलेल्या यकृताच्या, म्हणजे फ्वाग्राच्या, आयातीवर भारतानं २०१४ मध्ये बंदी घातली, ती मला योग्य वाटते.

बदक नको असेल, तर पिरेनीजच्या मेंढ्यांच्या दुधाचं ओसो-इराती हे कडक चीज आहे. त्यातली प्रथिनं आणि स्निग्धता वाइनला पुरून उरतात.

मादिराँला भौगोलिक नामाचा अधिकृत दर्जा १९४८ मध्ये मिळाला. पण तुरटपणा आवरायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि बाजार तेवढा थांबत नाही. १९९० च्या दशकात तिथल्याच पात्रिक द्युकूर्नो यांनी टाकीतल्या वाइनमध्ये प्राणवायूचे अगदी बारीक बुडबुडे सोडण्याची पद्धत काढली. लाकडी पिंपातून हवा झिरपून वाइनचा कडकपणा कमी होतो, तेच काम टाकीत व्हावं हा तिचा हेतू. ती पुढे जगभर गेली. तानातनं तर त्याआधीच समुद्र ओलांडला होता. एकोणिसाव्या शतकात पास्क्वाल आरियाग या बास्क स्थलांतरितानं उरुग्वेत त्याची लागवड केली. आज ते त्या देशाचं मानाचं द्राक्ष आहे.

२००६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात याच भागातल्या वाइनमधल्या प्रोसायनिडिन या घटकांचा रक्तवाहिन्यांच्या आरोग्याशी संबंध जोडणारा शोधनिबंध आला, आणि मादिराँला औषध ठरवण्याची घाई सुरू झाली. ती घाई चुकीची होती. मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ही वाइन समजून घ्यायची तर ताटाजवळ, थोडी, आणि सावकाश.

सगळ्यात साधं ताट म्हणजे गार्ब्यूर हे सूप. कोबी, कंदमुळं, कॉन्फीचा एखादा तुकडा, आणि तार्ब भागातल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे. हा घेवडा मूळचा अमेरिकेतला. इथं त्याचे वेल मक्याच्या ताटांवर चढवत. सूप असं दाट हवं की पळी उभी राहिली पाहिजे. जेवण संपत आलं, की वाडग्याच्या तळाशी उरलेल्या कोमट सुपात लाल वाइन ओततात, वाडगा फिरवतात आणि दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावतात. याला शाब्रो म्हणतात.